सहीचा रकाना

कॉपर टी बसवायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. त्याआधी नवऱ्याच्या एका सहीपायी दोन महिने गेले. डोकं अजून गरम आहे, म्हणून लिहितेय.

धाकटी सहा महिन्यांची होईपर्यंत मी निर्धास्त होते. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरचं दूध आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच दिवस राहणार नाहीत असा त्या दुधाचा भरवसा. भाताची पेज सुरू केली की संपलं. शेजारच्या काकू अजून सांगतात, "मी पाजत होतो की गं, तरी मधला झाला!"

आशाताईंनी आमच्या पायरीवरच पिशवी उघडली. माला-एन या गोळ्या मला बादच, कारण अर्धशिशी आहे आणि डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढं चमकतं. अशा बायकांनी त्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. 'छाया' या गोळीत हार्मोन नाही, दूध पाजतानाही चालते. पण पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा, वार लक्षात ठेवून. मला गॅसचा नंबर लावायचं लक्षात राहत नाही! 'अंतरा'चं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, पण पाळी कधी येईल, कधी गायब होईल याचा नेम नाही. निरोधला तोड नाही ती एकाच बाबतीत, रोगांपासूनही तोच वाचवतो. पण रोजच्या वापरात वर्षाला शंभरातल्या तेराएक जोडप्यांना दिवस जातात. कॉपर टीत शंभरात एकीलाही नाही. माझं तिथंच ठरलं.

(नसबंदीचं नवऱ्याजवळ काढून बघितलं. बिनटाक्याची असते, त्याच दिवशी घरी सोडतात, फक्त पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरून मग वीर्य तपासून घ्यायचं. त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.)

खाजगी दवाखान्यात गेले. फॉर्म भरला, वजन झालं, बीपी झालं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "मिस्टरांची सही?" खाली खरंच रकाना होता. नवरा शिरोली एमआयडीसीत, पहिली शिफ्ट. दवाखाना दहा ते एक. फॉर्म घरी आणला, त्यानं जेवता जेवता सही ठोकली, कोपऱ्यावर आमटीचा डागही पडला. दुसऱ्या दिवशी परत. "ही चालत नाही, समोर करायला लागते. आधारकार्ड घेऊन या त्यांना." पुढच्या आठवड्यात त्यानं अर्धी रजा टाकली, आणि डॉक्टरबाई गावाला! रजा वाया, घरात दोन दिवस अबोला. मी काउंटरवर विचारलं, "नियम कुठं लिहिलाय, दाखवा." उत्तर आलं, "आमच्यात असंच असतंय."

त्या मधल्या काळात एका रात्री निरोध फाटला. सकाळी मेडिकलमधून बहात्तर तासांच्या आत घ्यायची गोळी आणली. दुकानदारानं काळ्या पिशवीत गुंडाळून दिली, सही कुणाचीच मागितली नाही. पाळी येईपर्यंत मात्र मी रोज कॅलेंडरसमोर उभी राहायचे. ही गोळी जितकी लवकर घ्याल तितकी बरी, आणि ती नेहमीचं साधन नव्हे.

हे सगळं आशाताईंना रडत सांगितलं, तर त्या हसायलाच लागल्या. "त्यांची सही कशाला? गर्भपिशवी तुमची, सही तुमची." सज्ञान बाईला कॉपर टीसाठी फक्त स्वतःची संमती पुरते. सरकारी निकषांत नसबंदीलाही जोडीदाराची सही लागत नाही. हे मला पहिल्या दिवशी माहीत असतं तर! तुम्हाला कुणी अडवलं तर घरी परतू नका, तिथंच विचारा. नाहीतर सरळ दुसरीकडं जा.

मी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात गेले. पाळी नुकतीच येऊन गेली होती, त्यामुळं दिवस नाहीत याची खात्री झाली. पैसे शून्य. सासूबाईंनी निघताना बजावलं होतं, "ती तार काळजाला चढतीया म्हणं." ते सिस्टरना सांगितलं तर त्यांनी प्लॅस्टिकची गर्भपिशवी हातात दिली. "ह्यातनं काळजाला वाट कुठली, दाखवा बघू." इंग्रजी टी अक्षरासारखी, करंगळीपेक्षा लहान वस्तू, अंगाला तांब्याची बारीक तार, खाली दोन दोरे. आत जाताना पोटात एक जोराची कळ आली, पाळीच्या पहिल्या दिवशी येते तशी. मग सिस्टर म्हणाल्या, "झालं. सावकाश उठा."

जाताना खाऊन जा, मी उपाशी गेले आणि चक्कर आली. पहिले तीन-चार महिने पाळीत रक्त जास्त जातं आणि पोट दुखतं, घाबरून लगेच काढून टाकू नका. ताप आला, घाण वासाचं पाणी जायला लागलं किंवा दोरा हाताला लागेनासा झाला तर मात्र थांबू नका. आणि विचारून घ्या कुठली बसवली ते. ३८०ए दहा वर्षं चालते, ३७५ पाच. कार्डावर तारीख असते, माझं रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये आहे.

बाहेर नवरा गाडीवर धाकटीला घेऊन थांबला होता, खिशात आधारकार्ड.

"मला बोलवलं नाही होय आत?" जरा रुसूनच विचारलं त्यानं.