कोरा चेक

मागच्या वर्षी एका मराठी पॉलिटिकल कॉमेडीवर असिस्टंट होतो, गर्दी सांभाळायचं काम माझ्याकडं. साताऱ्याकडच्या गावात शूट, त्या दिवशी ग्रामसभेचा सीन. राखीव जागेवर निवडून आलेली दलित सरपंच, खुर्चीत तिचा नवरा, सगळं तोच बोलतो आणि शेवटी ही अंगठा उठवते, त्यावर लोकांनी हसायचं.

सकाळी मेकअप रूममध्ये गेलो तर गोऱ्या हिरोइनला दोन शेड काळं करायचं चालू होतं. मी स्वतः बौद्ध वस्तीत वाढलोय, पोटात गोळाच आला. बोललो मात्र काहीच नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. बाहेर को-ऑर्डिनेटरने शहरातून आणलेले ज्युनियर आर्टिस्ट पुढं बसवलेले आणि ज्यांच्या गावात आम्ही शूट करत होतो त्या बायका पार मागच्या सतरंजीवर.

रिहर्सलला अंगठ्यावर सगळे हसले, मागच्या बायका हसल्या नाहीत. ब्रेकमध्ये चहा द्यायला गेलो तर त्यातल्या एक काकू म्हणाल्या, "दादा, मी पाच वर्षं सरपंच होते. सातवी शिकलेय, सही करत होते. अंगठा कुठनं आणला तुम्ही?"

मग त्या सांगत गेल्या. पंचायतीच्या चेकवर ग्रामसेवकाबरोबर सरपंचाची सही लागायची, तर मालक, म्हणजे काकूंचे यजमान, कोऱ्या चेकबुकावर सह्या घेऊन ठेवायचे. एक दिवस काकू म्हणाल्या, आकडा लिहा मग सही करते. घरात आठ दिवस अबोला, गावात गटाराचं काम बंद, आणि जे लोक आधी मालकांना भेटायला यायचे ते काकूंच्या चुलीपाशी येऊन बसायला लागले. हे सांगताना सतरंजीवरच्या बायका पोट धरून हसत होत्या! मला तिथंच कळलं की आमच्या सीनमधला जोक चुकीच्या माणसावर होता.

१९९३ पासून घटनादुरुस्तीने पंचायतीत बायकांना आरक्षण आहे, २०११ ला महाराष्ट्रात ते ५० टक्के झालं, म्हणजे अशा हजारो बायका खुर्चीत बसून गेल्यात, आणि आमच्या लेखनाच्या टेबलावर त्यातली एकही नव्हती. मी दिग्दर्शक सरांकडं गेलो. दिवसाचा लाइट जातोय म्हणून आधी चिडले. मी म्हटलं सर, 'पीपली लाइव्ह' सिनेमात नत्था शेतकरी कोणी केला, हबीब तन्वीरांच्या नया थिएटर नाटकमंडळीतल्या छत्तीसगडच्या ओंकारदास माणिकपुरींनी, म्हणून तो माणूस खरा वाटतो ना? सर गप्प झाले, मग म्हणाले बोलव त्यांना.

पूर्ण सीन नाही बदलला. अंगठा गेला, कोरा चेक आला, आणि काकूंना माजी सरपंच म्हणून पुढच्या रांगेत बसवून एक वाक्य दिलं, जे त्यांचंच होतं, "आकडा लिव्हा, मग सही." पहिल्याच टेकला ओके. हिरोइनने स्वतःहून मेकअप उतरवायला सांगितला पण सकाळचे शॉट झालेले, कंटिन्युइटीमुळं तो तसाच राहिला, ती खंत आहेच.

संध्याकाळी पैसे वाटताना मी भांडून काकूंचं नाव गर्दीच्या यादीतून काढून कलाकारांच्या यादीत घातलं. प्रॉडक्शनच्या पोराने व्हाउचर पुढं केलं, म्हणाला मावशी इथं सही करा, आकडा मी नंतर टाकतो. काकूंनी पिशवीतनं चष्मा काढला आणि व्हाउचर त्याच्याकडं परत सरकवलं.