पाळण्याशेजारचा काटा

नात चौदा दिवसांची झाली त्या दिवशी जावईबापूंनी मागवलेला एक मोठा खोका आमच्या कोथरूडच्या घरी येऊन पडला. लेक बाळंतपणासाठी माहेरी आलेली असल्यामुळे झबली, दुपटी आणि खेळणी यांचे खोके रोजच येत होते. परंतु यातून निघाला तो बाळाला निजवण्यासाठी मधोमध खोलगट केलेला पांढराशुभ्र डिजिटल वजनकाटा. "बाबा, ही तुमच्याच खात्यातली वस्तू," असे ते हसत म्हणाले, आणि त्यात काही खोटे नव्हते. माझी उभी नोकरी वैधमापनशास्त्र विभागात, दुकानदारांचे काटे पडताळून त्यांवर मुद्रा उमटवण्यात गेली. मंडईतल्या तागड्या झाल्या, मार्केट यार्डातले मोठे काटे झाले. निवृत्तीनंतरही ही भाजी निवडत असते तेव्हा मी काट्यावरचे शून्य निरखत उभा असतो, आणि त्यामुळे काही भाजीवाल्यांना माझे सोबत येणे फारसे रुचत नाही.

आमच्या लेकीच्या वेळी घरात काटा नव्हता. तिचे जन्मवजन माझ्या आईने सगळ्या नातेवाइकांना पौंडांत कळवले होते. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ सालीच झाला असला, तरी जन्मलेले बाळ तिच्या लेखी शेवटपर्यंत 'सात पौंडांचे'च राहिले. त्यानंतर वजनाचा विषय निघाला तो थेट लस टोचण्याच्या वेळी. मधल्या काळात पाहायचे ते बाळसे. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याला एकक नाही. मांडीला वळी पडली, मनगटावर दोरा बांधल्यासारखी रेघ उमटली, की बाळाने बाळसे धरले असे म्हणत, आणि न्हाऊ घालणाऱ्या बाईंनी तसे सांगितले की त्यावर अपील नसे.

तेव्हा तरुण आईबापांना काटा का हवासा वाटतो, हे मला समजत नाही असे नाही. नात जन्मली तेव्हा २ किलो ९४० ग्रॅम होती आणि तिसऱ्या दिवशी घरी निघताना २ किलो ७६० ग्रॅम. नवजात बाळाचे वजन पहिल्या काही दिवसांत जन्मवजनाच्या पाच-सात टक्क्यांनी उतरते, दहा टक्क्यांपर्यंत उतरले तर डॉक्टर बारकाईने लक्ष घालतात, आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत ते पुन्हा भरून निघते, असे आम्हाला नीट समजावून सांगितले होते. तरीही एकशेऐंशी ग्रॅम 'गेले' हे लेकीच्या मनातून जाईना. बाटलीतले दूध डोळ्यांना दिसते. अंगावरचे दूध किती गेले हे कोण मोजणार?

मग रोज सकाळी वजन सुरू झाले आणि त्यासाठी एक वही आली. पाच दिवस आकडा चढता होता, म्हणून घरात सणासारखे वातावरण होते. सहाव्या दिवशी ३ किलो १६० चे ३ किलो ११० झाले. लेकीने आदल्या दिवशी आपण काय खाल्ले याची उजळणी केली, हिने आळिवाची खीर वाढवली, जावईबापूंनी कार्यालयातून तीनदा फोन केला. नात मात्र दूध पिऊन मुठी आवळून निवांत झोपली होती.

त्या दुपारी मी माळ्यावरून माझे एक किलोचे षट्कोनी लोखंडी वजन काढले. काटा फरशीवर ठेवला तेव्हा आकडा १ किलोच आला. मात्र थंडीमुळे बाळाचे वजन पलंगावरच व्हायचे, म्हणून तोच काटा गादीवर ठेवून पाहिला, तर ९६० भरले, आणि जरा सरकवल्यावर ९८०. काट्याचे पाय कठीण, सपाट जागेवर टेकलेले नसतील तर तो बिचारा काय सांगणार? आमच्या धंद्यात मापात पाप शोधायचे असते. इथे पाप कोणाचेच नव्हते, केवळ गादी मऊ होती. शिवाय आदल्या दिवशी वजन पाजल्यानंतर झाले होते आणि त्या दिवशी पाजण्याआधी. तीन आठवड्यांचे बाळ एका वेळी साठ-सत्तर मिलिलिटर दूध पिते, म्हणजे जवळजवळ तितकेच ग्रॅम. त्यात भिजलेला लंगोट राहून गेला किंवा बाळाने पाय झाडले, तर आणखी फरक. निरोगी बाळ या वयात दिवसाला सरासरी वीस ते तीस ग्रॅमने वाढते. ज्या गोष्टीत पन्नास ग्रॅमची चूक सहज शिरते तिच्यावर पंचवीस ग्रॅमची वाढ रोज पाहायला जाणे म्हणजे लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफाने भुसार मालाच्या काट्यावर अंगठी तोलण्यासारखे आहे. आठवडाभराची वाढ त्यावर कळेल, रोजची कळणार नाही.

घरी वजन करूच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा जो प्रयोग केला आणि ज्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले, त्यात गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया घरी जाऊन बाळाचे वजन करत होत्या, आणि त्या गावांतले नवजातांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. आजही आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या अशा ठरलेल्या दिवशी घरी येतात तेव्हा झोळीचा काटा त्यांच्याजवळ असतो. अडीच किलोंहून कमी वजनाचे, दिवस पुरे होण्याआधी जन्मलेले किंवा दूध नीट न ओढणारे बाळ असेल तर डॉक्टरच वरचेवर वजन करायला सांगतात. पण तिथे आकडा आला की पुढे काय करायचे हे ठरलेले असते. आमच्या घरी आकडा आला की फक्त खीर वाढत होती.

शेवटी डॉक्टरांनीच लेकीला विचारले, की दिवसात लंगोट किती ओले होतात. तिने मोजले, तर आठ. दिवसाला सहा किंवा अधिक लंगोट नीट ओले होत असतील, बाळ पिऊन समाधानाने झोपत असेल आणि जागेपणी टवटवीत असेल, तर पुढचे वजन लसीच्या वेळी, असे त्यांनी सांगितले. वाढीचा तक्ताही त्यांनी उलगडून दाखवला. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली काढलेल्या या तक्त्यांसाठी सहा देशांतली बाळे पाहिली होती आणि त्यांत आपल्या दिल्लीचीही होती, हे ऐकून जावईबापूंना बरे वाटले. तक्त्यातल्या पंधराव्या रेषेवरचे बाळ म्हणजे ज्याच्याहून शंभरातली पंधरा बाळे हलकी असतात ते, शंभरात पंधरा गुण मिळालेले बाळ नव्हे, हे समजायला मात्र थोडा वेळ गेला. पुण्यातल्या माणसाला कोणताही तक्ता आधी गुणपत्रिकेसारखाच दिसतो. बाळाने आपल्या रेषेच्या बरोबरीने वर जावे, शेजारच्या बाळाच्या रेषेवर उडी मारू नये, एवढेच पाहायचे असते.

वही बंद झाली. काटा स्वयंपाकघरात गेला आणि हिने त्यावर लाडवांसाठी डिंक आणि खारीक तोलली. न्हाऊ घालणाऱ्या बाईंनी एके दिवशी पायांवर पालथे घातलेल्या नातीच्या पाठीवर तेल जिरवताना, "आता हाताला लागायला लागलीय हो," असे म्हटले, तेव्हा लेक वही उघडायला उठली नाही.

दीड महिन्याच्या लसीच्या दिवशी आम्ही सगळेच दवाखान्यात गेलो. परिचारिकेने नातीचे कपडे उतरवले, शून्य पाहिले, तिला काट्यावर निजवले आणि ३ किलो ९०० असा आकडा मोठ्याने वाचला. लेकीच्या डोळ्यांत पाणी आले, जावईबापूंनी छायाचित्र काढले. मी तेवढ्यात खाली वाकून त्या काट्याच्या मागच्या बाजूला पडताळणीची मुद्रा कुठे दिसते का ते पाहत होतो, तर हिने मला कोपराने ढोसले.