तीन कणांचा त्रिकोण

इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन समोरासमोर आदळून दोनच कण निघाले, तर गणिताला फारसे काम उरत नाही. ते विरुद्ध दिशांना सुटतात आणि ठरायची राहते ती फक्त दिशा. तिसरा कण आला की चित्र पालटते. तीन संवेगांचे, प्रत्येकी तीन घटक धरून, मिळून नऊ आकडे. त्यांतून ऊर्जा आणि संवेग यांच्या अक्षय्यतेच्या चार अटी वजा केल्या की पाच उरतात, आणि त्यांतले तीन केवळ सगळी रचना अवकाशात कशी वळली आहे एवढेच सांगतात. खरा मजकूर उरलेल्या दोन आकड्यांत असतो.

हॅम्बुर्गच्या पेट्रा त्वरकावर १९७९ मध्ये क्वार्क, त्याचा प्रतिकण प्रतिक्वार्क आणि क्वार्कांना बांधून ठेवणारा ग्लुऑन यांचे तीन जेट, म्हणजे कणांचे झोत, दिसले. तीच टक्कर ३० जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) एकूण ऊर्जा धरून मी संगणकावर मांडून पाहिली. वस्तुमान नगण्य मानून प्रत्येक कणाची ऊर्जा १५ ने, म्हणजे एकूण ऊर्जेच्या निम्म्याने, भागली, तर तिन्ही अपूर्णांकांची बेरीज नेहमी २ येते, आणि प्रत्येक घटना म्हणजे एका त्रिकोणातला एक ठिपका होतो. भौतिकशास्त्रज्ञ डॅलिट्झ यांनी १९५३ मध्ये मेसॉन या अल्पजीवी कणाच्या क्षयासाठी वापरलेली युक्ती हीच. नुसत्या अक्षय्यतेच्या नियमांनी हा त्रिकोण एकसारखा भरतो.

त्यावर क्वार्क-ग्लुऑनांच्या सिद्धान्ताचे वजन, म्हणजे कोणती रचना किती संभाव्य ते, चढवायचे: क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या अपूर्णांकांच्या वर्गांची बेरीज, भागिले त्या दोन्ही अपूर्णांकांना एकातून वजा करून येणाऱ्या संख्यांचा गुणाकार. तिघांना समान ऊर्जा दिली, म्हणजे १२० अंशांची रचना, तर वजन ८ येते. क्वार्क-प्रतिक्वार्कांना प्रत्येकी ०.९५ आणि ग्लुऑनला जेमतेम ०.१ दिले, तर ७२२. कडेवर ते अनंत होते, कारण ग्लुऑन फार कमी ऊर्जेचा असेल किंवा क्वार्कला चिकटून निघाला असेल, तर ‘तीन कण’ या शब्दालाच अर्थ उरत नाही. मी कडेची पट्टी कापून टाकली. हा उपाय ओबडधोबड आहे, पण निदान तो कुठे लावला हे डोळ्यांसमोर राहते.

तरीही शोधकयंत्रात तीन बाण दिसत नाहीत, दिसतात ते दहा-पंधरा विद्युतभारित कणांचे माग. स्वीडनमधील लुंडच्या प्रतिमानात क्वार्कपासून ग्लुऑनकडे आणि तिथून प्रतिक्वार्ककडे एक तार ताणलेली असते आणि ती तुटत तुटत हे कण बनतात; म्हणून क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या मधल्या जागेत कण कमी पडतात, आणि पेट्रावरच्याच जेड प्रयोगाला १९८० च्या सुमारास तसेच आढळले. माझ्या प्रोग्रॅममध्ये ही तार अजून नाही.