मुकादमाची वही

ऊसतोड मजुराच्या अपघाताचा दावा चालवताना सगळ्यात जड जातं ते त्याची कमाई सिद्ध करणं. अपघात कसा झाला ते फिर्यादीत आणि घटनास्थळाच्या पंचनाम्यात असतं, जखमा दवाखान्याच्या कागदांत असतात. कमाईचा मात्र चिटोराही नसतो. पगारपत्रक नाही, हजेरीपट नाही, बँकेत जमा नाही. मी बीडला मोटार अपघात दाव्यांत जखमींच्या बाजूने उभी राहते. या एका प्रश्नावर चांगले दावे पडलेले मी पाहिले आहेत. म्हणून मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या साक्षीचा तो दिवस लिहून ठेवावासा वाटला.

माझा पक्षकार 34 वर्षांचा. दरवर्षी नवराबायको दिवाळीच्या आसपास टोळीबरोबर सांगलीकडच्या कारखान्याला जायची. डिसेंबरातल्या एका पहाटे कोपीवरून, म्हणजे राहायच्या झोपडीवरून, उसाच्या फडाकडे चालत निघाले असताना मागून आलेल्या पिकअपने त्याला उडवलं. उजव्या कोपराचा चुरा झाला, नसही गेली. हाडं प्लेट टाकून जुळली, पण मनगट वर उचलत नाही आणि मूठ वळत नाही.

बायको तिथेच थांबली. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली नव्हती, तर गावी यायचं कसं? नवरा कोपीत पडून आणि ती एकटी फडात, असा उरलेला हंगाम गेला. हंगाम संपून पट्टा पडल्यावर दोघं गावी आली आणि माझ्याकडे पोचली तेव्हा मे उजाडला होता. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने असा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायला सांगितलं आहे. पाच महिने दवाखान्यात आणि फडात गेलेल्या माणसाला हे कोण सांगणार? ही मुदत मला अन्यायाची वाटते आणि ते मी कोर्टातही बोलते. दावा जखमी राहतो त्या हद्दीतल्या न्यायाधिकरणात लावता येतो, एवढं बरं आहे. नाहीतर दर तारखेला सांगलीची वारी या घराला झेपली नसती.

जिल्हा रुग्णालयाच्या दाखल्यात अपंगत्व 35 टक्के होतं. विमा कंपनीच्या वकिलांचं म्हणणं असं, की अपंगत्व 35 टक्के तर कमाईचं नुकसानही फार तर 35 टक्के, आणि कमाईला पुरावा नाही म्हणून तीही कमीत कमी धरा. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात नेमकी हीच गल्लत दूर केली आहे. डावा हात गेलेल्या सुताराचं किंवा ड्रायव्हरचं कमाईचं नुकसान जवळपास शंभर टक्के असू शकतं, तोच हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. डॉक्टर शरीराचा टक्का सांगतो, धंद्यातलं नुकसान न्यायाधिकरणाने पुराव्यावरून ठरवायचं. निकाल माझ्या हातात होता. पुरावा हवा होता, आणि तो फक्त मुकादमाकडे होता.

मुकादम यायला तयार नव्हता. उचलीचा हिशेब कोर्टासमोर उघडा करणं कोणत्याच मुकादमाला आवडत नाही. शिवाय याच कुटुंबाकडे त्याची बाकी होती. शेवटी साक्षीदार समन्स काढलं. तारखेच्या दिवशी तो आला, पांढरा सदरा आणि काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. माझ्याशी एक अक्षर बोलला नाही.

पुकारा झाला. सरतपासात मी त्याला वही उघडायला लावली. नवराबायकोचा मिळून एक कोयता, त्यावर एक लाख दहा हजार उचल, खाली पंधरवड्याचं टनेज. रोजचा हिशेब दीड ते दोन टनांचा. डिसेंबरपर्यंत आकडे एका चालीने जात होते. पुढच्या पानावर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: अर्धा कोयता. नाव फक्त बायकोचं, आणि टनेज निम्म्याहून खाली. दावा, भरपाई असलं काही डोक्यात नसताना, स्वतःच्या वसुलीसाठी त्याने ही नोंद केलेली. याहून सच्चा पुरावा मी तरी कमाईच्या मुद्द्यावर पाहिला नव्हता. वहीला पुरावा म्हणून निशाणी पडली.

उलटतपास कडक झाला. उचल म्हणजे कर्ज, कमाई नव्हे, हे वकिलांनी त्याच्याकडून वदवून घेतलं. तो म्हणाला, "व्हय, कर्जच. पण टनावर फिटतंय ते." मग ते म्हणाले, बायको तोडेल आणि हा मोळ्या बांधेल, वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करेल, गाडीवर बसेल, तेवढं तर जमेल? मुकादम गप्प राहिला. तेव्हा न्यायाधीश मॅडमनी स्वतःच विचारलं, "येत्या हंगामाला तुम्ही यांना उचल द्याल का?"

त्याने माझ्या पक्षकाराकडे बघितलं. "नाही मॅडम. माणूस चांगला आहे, माझ्या टोळीत आठ वर्षं होता. पण एका हातानं मोळी बांधता येत नाही. ह्याला पैसे दिले तर माझं घर बुडंल."

मॅडमनी उत्तर शब्दशः टंकायला सांगितलं. पक्षकार मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. आपण आता कामाचे उरलो नाही, हे चारचौघांत सिद्ध व्हावं लागतं तेव्हा पैसे मिळतात. माझ्या कामातलं हे मला अजून सोसत नाही.

निकालात कमाईचं नुकसान 80 टक्के धरलं गेलं. वहीतलं टनेज आणि पावसाळ्यातली शेतमजुरी मिळून महिना 10,000, चाळिशीच्या आतल्या माणसाच्या भावी वाढीसाठी 40 टक्के, आणि वर्षाच्या कमाईला लावायचा 34 वयाचा गुणक 16. या एका बाबीचे 21,50,400 रुपये झाले. 35 टक्क्यांनी तेच 9,40,800 भरले असते. दवाखाना, वेदना आणि सोबतीच्या माणसाचा खर्च वेगळा.

बायकोचं नुकसान मात्र त्यात नाही. दोघांचा कोयता मोडला की तिचीही पूर्ण मजुरी जाते, पण ती जखमी नाही, म्हणून कायद्याच्या हिशेबात ती येत नाही. सोबतीच्या खर्चात मी तिचे थोडे पैसे बसवले. ते पुरेसे नाहीत, आणि असा दावा पुन्हा आला तर हा मुद्दा मी वेगळा मांडणार आहे.

विमा कंपनी औरंगाबाद खंडपीठात अपिलात गेली आहे. तिने कोर्टात भरलेल्या रकमेतला काही भाग काढून मिळावा म्हणून आम्ही अर्ज दिला आहे. मुकादमाची बाकी त्यातूनच फेडायची असं दोघांनी ठरवलं आहे. मी दुसरं सुचवून पाहिलं, पण बायको म्हणाली, "त्यानं खरं सांगितलं ना ताई."