ट्रॅक्टरच्या पुढच्या वजनांसाठी ब्रॅकेट: वेल्डिंग कुठे आणि बोल्ट कुठे

नाशिक जिल्ह्यातल्या माझ्या द्राक्षबागेत फवारणीसाठी २८ अश्वशक्तीचा एक जुना, अरुंद ट्रॅक्टर आहे. त्याच्या मागे थ्री पॉइंट लिंकेजवर (अवजार उचलणाऱ्या तीन दांड्यांच्या जोडणीवर) ४०० लिटर टाकीचा ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या हवेने औषध फवारणारे यंत्र, बसवला आणि बांध चढताना पुढची चाके हलकी पडू लागली. स्टिअरिंग पूर्ण वळवले तरी टाकी भरलेली असताना चाके ओल्या मातीवरून घसरत सरळच जात. गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने पावसाची उघडीप मिळाली की चिखलातही ट्रॅक्टर घालावाच लागतो, त्यामुळे हे दुखणे अंगावर काढण्यासारखे नव्हते. पुढे वजने लावणे हाच उपाय होता. मात्र या जुन्या मॉडेलचा मूळ वजनवाहक ब्रॅकेट आता कुठेच मिळत नाही, म्हणून तो करून घेण्याचे मी ठरवले.

नुसत्या अंदाजाने वजने टांगण्यापेक्षा आधी भुईकाट्यावर गेलो. एकटा ट्रॅक्टर सुमारे १००० किलो भरला आणि फक्त पुढची चाके काट्यावर घेतली तेव्हा ४१० किलो आले. ब्लोअर भरून, उचललेल्या अवस्थेत पुन्हा पुढची चाके घेतली, तर काट्याने ८० किलो दाखवले. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या ॲक्सलवर असावा, असे बहुतेक माहितीपुस्तिकांत लिहिलेले असते. म्हणजे मला २०० किलो हवे होते. दोन्ही ॲक्सलमधले अंतर १५० सेंटीमीटर आणि वजने पुढच्या ॲक्सलच्या ५० सेंटीमीटर पुढे धरली, तर लटकवलेल्या प्रत्येक २० किलोचा ॲक्सलवरचा भार सुमारे २७ किलो पडतो. त्या हिशोबाने २० किलोची पाच ओतीव वजने पुरेशी होती. पुढच्या ॲक्सलची कमाल भारक्षमता पुस्तिकेत पाहून घेतली, कारण ब्लोअर काढलेला असताना हीच वजने उलट जास्तीची ठरतात.

फॅब्रिकेशनच्या दुकानात माझे म्हणणे ऐकून वेल्डर म्हणाला, "भाऊ, चॅनेल सरळ पुढच्या सपोर्टला मारून देतो, दोन रॉडमध्ये काम, जन्मात हलणार नाही." माणूस हाताचा चांगला होता आणि लोखंडी गेट, ट्रॉली, शेड यांत त्याची बरोबरी करणारा आमच्या भागात क्वचितच सापडेल. पण ज्या सपोर्टला तो चॅनेल (इंग्रजी सी आकाराची पोलादी पट्टी) जोडणार होता, त्याच्यावर ॲक्सलची पिन आणि रेडिएटर उभे असतात आणि तो भाग ओतीव लोखंडाचा असतो. त्याची खात्री करणे अवघड नाही. खरबरीत पृष्ठभाग, साच्याच्या सांध्याची रेघ आणि उठावाचे आकडे या खुणा डोळ्यांना दिसतातच. शंका उरलीच तर कोपऱ्यावर ग्राइंडर किंचित टेकवावा. साध्या पोलादाच्या ठिणग्या लांब आणि पिवळ्या-पांढऱ्या उडतात, ओतीव लोखंडाच्या आखूड आणि लालसर असतात. आम्ही दोघांनी दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ते करून पाहिले, आणि त्यानंतर वाद राहिला नाही.

ओतीव लोखंडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो, तर आपण पट्टी किंवा चॅनेल म्हणून वापरतो त्या पोलादात तो पाव टक्क्याच्या आतबाहेर असतो. वेल्डिंगच्या कडेची जागा तापून लगेच थंड झाली की तिथला हा जास्तीचा कार्बन तिला कडक आणि ठिसूळ करतो, आणि आकसताना तिथेच तडा जातो. पुष्कळदा तो वरून दिसतही नाही. आधी तापवून, निकेलचे रॉड वापरून आणि राखेत सावकाश थंड करून ओतीव भाग जोडता येतात हे खरे, पण ट्रॅक्टरवर जागच्या जागी, ॲक्सलचा भार घेणाऱ्या भागावर हे करणे मला पटले नाही. म्हणून ब्रॅकेट ट्रॅक्टरपासून दूर, टेबलावर वेल्ड करून घ्यायचा आणि ट्रॅक्टरला फक्त बोल्टने जोडायचा, असे आमचे ठरले.

सपोर्टच्या तोंडावर कंपनीने दिलेली आट्यांची चार भोके होती. चिखल आणि जुन्या रंगाने ती इतकी बुजली होती की वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षातच आली नव्हती. नवीन भोके पाडण्याचा प्रश्न त्यामुळे मिटला. तारेने आणि डिझेलच्या फडक्याने ती साफ केली, १६ मिलिमीटरचा, २ मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) आटे पाडायचा टॅप हाताने फिरवून आटे मोकळे केले आणि सरळ तारेने खोली मोजली. ती ३२ मिलिमीटर भरली. ओतीव लोखंडात बोल्टचे आटे त्याच्या जाडीच्या सुमारे दीडपट शिरलेले असावेत, म्हणजे १६ च्या बोल्टला २४ मिलिमीटर. प्लेट १२ मिलिमीटर आणि वायसर ३ मिलिमीटर धरला, तर ४० मिलिमीटर लांबीच्या बोल्टचे २५ मिलिमीटर आत जातात आणि तळाशी ७ मिलिमीटर मोकळे राहतात. ही मोकळी जागा महत्त्वाची आहे, कारण बोल्ट तळाला टेकला की पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि प्लेट मात्र सैलच राहते. बोल्ट डोक्यावर ८.८ आकडा, म्हणजे ताकदीचा दर्जा, असलेलेच घेतले.

भोकांची जागा प्लेटवर कशी उतरवावी, यासाठी त्या वेल्डरची युक्ती मला फार आवडली. सपोर्टच्या तोंडाला बोटाने पातळ ग्रीस फासून त्यावर खोक्याचा जाड पुठ्ठा दाबला, की भोकांच्या कडा पुठ्ठ्यावर नेमक्या उमटतात. त्याच पुठ्ठ्यावरून प्लेटवर पंच मारून १७ मिलिमीटरची भोके पाडली, आणि चारही बोल्ट हाताने फिरले तेव्हाच पुढच्या कामाला हात घातला.

१२ मिलिमीटरच्या प्लेटवर ७५ बाय ४० चा चॅनेल आणि दोन्ही बाजूंना ८ मिलिमीटरचे त्रिकोणी गसेट (कोपरा बळकट करणारे तुकडे) अशी रचना होती. वेल्डिंगच्या ओढीने प्लेट वाकते, म्हणून ती दुसऱ्या जाड प्लेटला बोल्टने आवळून ठेवली, आधी टॅक (वेल्डिंगचे छोटे तात्पुरते टाके) मारून गुनियाने कोन तपासला आणि मग एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असे थोडे थोडे वेल्डिंग केले. रॉड ७०१८ जातीचे, कोरडे ठेवलेले मागितले. दमट हवेत उघडे पडलेले रॉड सांध्यात हायड्रोजन सोडतात आणि त्यातून पुढे तडे जातात. गसेटच्या टोकाला रॉड तिथेच न उचलता वळवून कड बंद करून घेतली, कारण फाटायला सुरुवात नेहमी टोकापासून होते. थंड झाल्यावर स्लॅग (वेल्डिंगवर जमणारी खपली) काढून सांध्यांवर रॉकेल लावले, पुसले आणि खडूची पूड भुरभुरवली. तडा असता तर पुडीवर ओलसर रेघ उमटली असती. रंग त्यानंतर दिला, पण प्लेटची सपोर्टला टेकणारी बाजू रंगाविना ठेवली. जाड रंगाचा थर दाबाखाली हळूहळू बसतो आणि तेवढाच बोल्ट सैल होतो.

बोल्ट मध्यम ताकदीचे लॉकिंग द्रव लावून, तिरक्या क्रमाने आणि तीन टप्प्यांत आवळले. ८.८ च्या १६ मिलिमीटर बोल्टला कोरड्या आट्यांवर साधारण २०० न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे २० किलो जोर. द्रवामुळे आटे निसरडे होतात, म्हणून गॅरेजमधून आणलेला टॉर्क पाना मी १८० वर लावला. एवढ्या आवळण्याने प्रत्येक बोल्ट कित्येक टनांच्या ओढीने प्लेट दाबून धरतो. शेवटी बोल्टच्या डोक्यावरून प्लेटवर जाणारी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. बोल्ट जरा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

वजने चढवण्यापूर्वी हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना उटी लावून पुढचे एक चाक ठोकळ्यावर चढवले आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवले. पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर डोलतो, त्यामुळे सपाट जागेवर न लागणारे टायर बांधावर ब्रॅकेटला घासू शकते. रेडिएटरची हवा अडत नाही आणि बॉनेट पूर्ण उघडते, हेही तेव्हाच पाहिले. वजने आडव्या बोल्टने ओवून ठेवली, नाहीतर खड्ड्यात एखादे उडून चाकाखाली यायचे.

त्याच खेपेला मडगार्डची फाटलेली पट्टी मात्र ट्रॅक्टरवरच वेल्ड करावी लागली. ती साध्या पोलादाची आहे, त्यामुळे हरकत नव्हती. पण बॅटरीची आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह तार सोडली, अल्टरनेटरची जोडणी काढली आणि अर्थिंगचा चिमटा त्याच पट्टीला, सांध्याच्या शेजारी लावायला सांगितला. चिमटा लांब कुठेतरी लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि त्याचे पृष्ठभाग जळतात. ज्यांच्या ट्रॅक्टरला इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट आहे, त्यांनी याबाबत अधिक सावध राहावे. २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम ४ ही धुराच्या प्रदूषणाची मानके लागू झाल्यापासून अशी यंत्रे आपल्याकडे सर्रास दिसू लागली आहेत. डिझेलच्या नळ्यांवर ओले पोते टाकले आणि वाळूची बादली जवळ ठेवली. हवा भरलेल्या टायरच्या रिमला आणि चालकाला वाचवणाऱ्या सुरक्षा फ्रेमला मात्र वेल्डिंगचा रॉड कुणालाही लावू देऊ नये; रिम तापले की टायरच्या आतला रबर जळून वायू तयार होतात आणि टायर फुटून माणूस दगावू शकतो, आणि फ्रेमची ताकद वेल्डिंगने किंवा भोकाने बदलली की उलटताना तिचा भरवसा राहत नाही.

काम झाल्यावर भरलेला ब्लोअर घेऊन पुन्हा भुईकाट्यावर गेलो. पुढच्या चाकांवर २३० किलो भरले, कारण ब्रॅकेटचे स्वतःचे वजनही त्यात आले होते. पहिल्या फवारणीनंतर चारही बोल्टवर पाना फिरवून पाहिला आणि रेघा जागेवर होत्या. रोटाव्हेटर लावताना मात्र हीच पाच वजने योग्य असतील असे धरून न चालता पुन्हा काट्यावर जातो, आणि मागे काहीच नसेल तेव्हा ती उतरवून शेडमध्ये ठेवतो.