तुम्ही विचारलंत म्हणून: 'शर' मी का शिकवते

"बाई, पुस्तकात नसलेला शर मुलांच्या डोक्यात कशाला भरता?" पालकसभेत विचारून झालं, स्टाफरूममध्ये झालं, परवा तर लग्नाच्या पंगतीत झालं. म्हणून एकदाच सगळं सांगते.

वर्तुळात एक जीवा काढा. तिच्या मध्यापासून लहान कंसाच्या मध्यापर्यंत सरळ रेघ ओढा. त्या रेघेची लांबी म्हणजे शर. कंस हे धनुष्य, जीवा ही त्याची दोरी आणि मधोमध लावलेला बाण तो शर. अरबीत त्याला सह्म म्हणतात, लॅटिनमध्ये साजिता. दोन्हींचा अर्थ बाणच. आपल्या दहावीच्या पुस्तकात दोरी राहिली, बाण तेवढा गळाला. पंचांगवाले चंद्राच्या क्रांतिवृत्तापासूनच्या (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेपासूनच्या) अंतरालाही शर म्हणतात. तो वेगळा, त्यात गल्लत नको.

अभ्यासक्रमाबाहेरचं शिकवू नये, हे मीही वीस वर्षं म्हणत आले. मुलांवर ओझं कमी नाही. हे मला कोणी ऐकवायला नको.

पण एक पेपर आहे. पूर्वपरीक्षेत गणित होतं: वर्तुळाच्या कंसासारख्या कमानीचा गाळा (दोन टोकांमधलं अंतर) 16 मीटर, मधली उंची 4 मीटर, त्रिज्या काढा. तीन गुण. अपेक्षित रीत अशी की त्रिज्या r धरायची, पायथागोरस लावायचा, वर्ग सोडवायचा. एका मुलाने दोनच ओळी लिहिल्या होत्या. '8 चा वर्ग 64, भागिले शर 4, आले 16. त्यात शर मिळवला, व्यास 20, त्रिज्या 10.' मी लाल पेनाने लिहिलं, 'पायऱ्या कुठे? शर म्हणजे काय?' आणि एक गुण दिला.

मधल्या सुट्टीत तो पेपर घेऊन आला. "बाई, उत्तर बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे. पण सिद्ध कर."

"सिद्ध नाही येत. आजोबा पंचांगाचं गणित करायचे, त्यांनी शिकवलंय."

"आजोबा पेपर तपासायला येणार नाहीत," असं मी म्हणाले. वर्गात काही मुलं हसली. त्याने पेपराची घडी घातली, आणखी एक घातली, अगदी बोटाएवढी होईपर्यंत घालत राहिला आणि खिशात टाकली. त्यानंतर वर्षभर त्याने मला एकही शंका विचारली नाही.

रात्री भाकऱ्या करताना लक्षात आलं. दोन जीवा वर्तुळाच्या आत छेदल्या की त्यांच्या तुकड्यांचे गुणाकार सारखे येतात. हे प्रमेय मी त्याच वर्गाला पंधरा दिवसांपूर्वी फळ्यावर सिद्ध करून दाखवलं होतं. कमानीच्या मधोमध व्यास काढा: जीवेचे तुकडे 8 आणि 8, गुणाकार 64; व्यासाचा एक तुकडा 4, म्हणून दुसरा 16. झालं. दोन ओळींची सिद्धता, आणि ती मला सुचली नव्हती. पुढे शोधलं तर आर्यभटाने 499 साली हेच लिहून ठेवलेलं: जीवेच्या दोन्ही बाजूंच्या शरांचा गुणाकार म्हणजे अर्ध्या जीवेचा वर्ग. भास्कराचार्यांच्या लीलावतीत तर उदाहरणच आहे: व्यास 10, जीवा 6, शर 1. करून बघा, 3 चा वर्ग 9, आणि 1 गुणिले 9.

म्हणून शिकवते. त्या मुलासाठी म्हणा हवं तर.

तरी मी त्याला पूर्ण तीन गुण द्यायला हवे होते का? वर्गात त्याचं हसं करायला नको होतं, 'शर' हा शब्द हिणवायला नको होता, हे कबूल. पण सिद्धता मागितली यात माझं चुकलं, असं आजही मन मानत नाही. पाठ केलेलं सूत्र आणि समजलेलं सूत्र यात मी फरक करायचा नाही, तर कोणी करायचा?

परवाच्या सराव परीक्षेत एका मुलीने तेच गणित शराने सोडवलं, सिद्धतेशिवाय. तिला अडीच दिले. आणि तो अर्धा गुण कापताना पेन बराच वेळ कागदावर टेकवून बसून राहिले.