टेलिफोनच्या पाइपातून वरचा मजला

रविवार, रात्री

साताऱ्यातील या भाड्याच्या बंगल्यात वरच्या खोलीपर्यंत नेटवर्कची केबल पोहोचली आणि आज दुपारपासून माझे काम तारेवर सुरू झाले. तपशील ताजे आहेत तोवर त्यांची नोंद करून ठेवते.

बाहेरून येणारा फायबर तळमजल्यावरील दिवाणखान्यात, दाराशेजारच्या कोपऱ्यात उतरतो आणि राउटरही तेथेच आहे. माझी कामाची खोली वर, नेमक्या विरुद्ध टोकाला आहे. मध्ये सळ्यांची जाळी पोटात घेतलेला स्लॅब आणि नऊ इंची विटांच्या भिंती असल्यामुळे राउटरची ५ गिगाहर्ट्झची लहर जिन्याच्या वळणापलीकडे टिकत नसे. २.४ गिगाहर्ट्झची लहर वर येत असे, परंतु त्या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच (१, ६ आणि ११), आणि आमच्या गल्लीतील प्रत्येक घराचा राउटर त्यांपैकी एखादीवर ठाण मांडून बसलेला. परिणामी २०० एमबीपीएसच्या जोडणीतून वर जेमतेम १५-२० हाती लागत आणि ऑनलाइन बैठकीत माझा आवाज मध्येच तुटत असे. मेश राउटर, म्हणजे घरभर ठेवलेले आणि एकमेकांशी बिनतारी जोडलेले नग, घेण्याचा सल्ला अनेकांनी दिला. मात्र मेशचा वरचा नगही खालच्या नगाशी त्याच स्लॅबमधून बोलणार होता. अडथळा जागच्या जागी ठेवून खर्च तेवढा वाढवण्यात मला अर्थ दिसला नाही.

तार टाकायची ठरल्यावर प्रथम करार काढून वाचला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याच करारातील, घराच्या बांधकामात कोणताही बदल करणार नाही, हे वाक्य आपण सही करताना वाचून न वाचल्यासारखे करतो. अनामत रक्कम परत मिळण्याच्या वेळी मात्र प्रत्येक भोक मोजले जाते. म्हणून वायरमनला बोलावण्याआधी घरमालकीण काकूंकडे गेले. त्या शेजारच्याच घरात राहतात. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “अगं, तार टाक की. पण स्लॅबला भोक पाडायचं नाही. उद्या गळायला लागलं तर ते कुणाच्या नावावर लिहायचं?”

त्यांचे म्हणणे रास्त होते. स्लॅबमध्ये सळ्या कोठे आहेत आणि पंख्यांच्या तारांचे पाइप कोठून गेले आहेत, हे तीस वर्षांच्या घरात कोणी खात्रीने सांगू शकत नाही, आणि १२ मिलिमीटरच्या भोकासाठी हा जुगार खेळणे शहाणपणाचे नाही. जिन्याच्या कडेने प्लॅस्टिकची केसिंग पट्टी मारणे हा दुसरा मार्ग होता. पट्टी खिळ्यांनी मारली तर भिंतीला भोके पडतात आणि चिकटपट्टीने लावली तर काढताना रंगासह पुट्टीचा पापुद्रा निघतो. तिसरा मार्ग बाहेरून, पावसाच्या पाण्याच्या पाइपाला धरून वर जाणारा. तो मोह काही दिवस होता. परंतु घरात वापरतात ती राखाडी केबल उन्हात तडकते, बाहेरच्यासाठी काळ्या पॉलिथिनच्या वेष्टणाची केबल घ्यावी लागते, आणि येथील वळवाच्या पावसात विजा ज्या पद्धतीने कडाडतात ते पाहता घराबाहेरून गेलेली तांब्याची तार राउटरला आणि लॅपटॉपला जोडून ठेवण्याची माझी तयारी नव्हती.

चौथा मार्ग वायरमनने सुचवला आणि तोच सर्वांत वाईट होता. विजेच्या तारा ज्या पाइपातून वर गेल्या आहेत त्याच पाइपात ही केबल सरकवून देतो, असे तो म्हणाला. असे सर्रास केले जाते हे मी जाणून आहे. तरीही २३० व्होल्टची तार आणि नेटवर्कची केबल एका पाइपात कधीही असू नयेत, कारण ओढाताणीत विजेच्या तारेचे वेष्टण एखाद्या ठिकाणी सोलले गेले, तर तो प्रवाह थेट यंत्रांमध्ये आणि पर्यायाने आपल्या हातात येऊ शकतो. डेटामध्ये येणारा व्यत्यय ही त्यापुढे किरकोळ बाब आहे.

मार्ग सापडला तो काकूंच्या बोलण्यातून. हा बंगला बांधला तेव्हा टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत असे, आणि काकांनी फोन मिळण्याच्या कितीतरी आधी दिवाणखान्यापासून वरच्या खोलीपर्यंत फोनसाठी वेगळा पाइप भिंतीत घालून ठेवला होता. पुढे फोन आला, वर त्याचे एक्स्टेन्शन बसले, आणि मोबाइल आल्यावर दोन्ही बंद पडले. माझ्या टेबलामागे, कपाटाच्या आड, रंगाच्या थरांखाली गेलेली चौकोनी प्लेट होती. ती उघडल्यावर आत फोनची मृत तार निघाली. वायरमनने खालून ती ओढली आणि वर माझ्या हातातली तार हलली, तेव्हा आम्ही दोघेही मनापासून हसलो.

या जागी थोडे अवांतर. फोनची ती तार आणि मी टाकणार होते ती केबल या एकाच कुळातल्या आहेत. दोन तारांना एकमेकींभोवती पीळ दिला की बाहेरचा व्यत्यय दोघींवर जवळपास सारखाच पडतो आणि दोन्ही तारांवरील संकेतांच्या वजाबाकीत निघून जातो, ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये पेटंट केली होती. आजच्या कॅट-६ केबलमध्ये अशाच चार जोड्या असतात आणि त्या १०० मीटरपर्यंत गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा, वेग वाहून नेतात. मला लागणार होती ती त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी.

केबल घेताना दुकानदाराने दोन प्रकार पुढे ठेवले. स्वस्त प्रकारात अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. नखाने किंवा ब्लेडने खरवडले की आतून चंदेरी रंग दिसतो. ती तार ठिसूळ असते, तिचा रोध जास्त असतो आणि तिच्यावरून वीज पुरवायची झाल्यास ती अधिक तापते. मी पूर्ण तांब्याची केबल घेतली आणि तिच्यासोबत नायलॉनची बारीक दोरीही घेतली.

ओढण्याचे काम मला सर्वांत आवडले. जुन्या तारेच्या वरच्या टोकाला नवी केबल बांधताना तिच्या जोड्या कमी-अधिक लांबीवर कापल्या, म्हणजे गाठ एका जागी फुगत नाही, आणि सगळ्यावर इन्सुलेशन टेप घट्ट गुंडाळून टोक निमुळते केले. प्लग अर्थातच आधी बसवला नाही, कारण तो त्या पाइपाच्या वळणातून कधीच गेला नसता. केबलला शंखजिऱ्याची भुकटी चोळली. मग वायरमन खालून ओढत होता आणि मी वरून हाताने केबल आत सोडत होते; जोर त्याने कमी लावायचा आणि मी भरवायचे, असे आमचे ठरले होते, कारण जास्त ताण बसला की आतल्या जोड्यांचा पीळ बिघडतो. जिन्याच्या वळणावर गाठ अडली. थोडी मागे घेऊन, केबल किंचित फिरवून पुन्हा सोडली, आणि तिसऱ्या खेपेला ती सुटली. केबलसोबत नायलॉनची दोरीही पाइपात घातली. पुढे कोणालाही दुसरी तार ओढायची झाली तर ती उपयोगी पडेल.

दोन्ही टोकांना प्लग बसवून लॅपटॉप जोडला. वेग आला ९४. वायरमन समाधानाने म्हणाला, “चालतंय की, ताई!” मला मात्र तो आकडा परिचयाचा होता. १०० एमबीपीएसची जोडणी मोजली की असाच चौऱ्याण्णवच्या आसपास आकडा येतो, आणि जोडणी गिगाबिटवरून १०० वर घसरते ती बहुधा चारपैकी एखादी जोडी तुटल्यामुळे. १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. टेस्टर लावल्यावर सातवा दिवा लागला नाही, म्हणजे पांढऱ्या-तपकिरी तारेचा संपर्क नव्हता. खालच्या प्लगमध्ये त्याने वेष्टण गरजेपेक्षा जास्त सोलले होते आणि ती तार शेवटपर्यंत पोहोचलीच नव्हती. प्लग कापून दुसरा बसवला, या वेळी पीळ शेवटच्या अर्ध्या इंचातच सोडवला, आणि वेग १९० च्या पुढे गेला. वायरमनने टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागताना पाहिले आणि दुसऱ्या टोकाचा प्लगही स्वतःहून तपासला, हे मला विशेष आवडले.

अजून एक सोय याच तारेने होणार आहे. इन्व्हर्टरची जोडणी फक्त तळमजल्याला आहे, त्यामुळे वीज गेली की वरचे सगळे बंद पडते. केबलवरूनच वीज पुरवणारा छोटा इंजेक्टर खाली राउटरशेजारी लावला, तर वरचा अॅक्सेस पॉइंट, म्हणजे तारेवरून आलेले नेटवर्क खोलीत वाय-फायने देणारे यंत्र, इन्व्हर्टरवर चालेल. या पद्धतीच्या मूळ मानकात खालच्या टोकाला १५.४ वॉटपर्यंत वीज देता येते आणि साध्या अॅक्सेस पॉइंटला तेवढी पुरते. तो पुढच्या महिन्यात घेईन.

जुन्या फोनच्या प्लेटच्या जागी त्याच स्क्रूंवर नेटवर्कचे सॉकेट बसवले आहे. काढलेली तार, प्लेट आणि फोटो काकूंना दिले, आणि घर सोडताना केबल काढायची की ठेवायची हे त्यांनी ठरवावे, असे संदेशात लिहूनही ठेवले. संध्याकाळी त्या जिना चढून बघायला आल्या. भिंत नीट न्याहाळून झाल्यावर त्यांनी विचारले, “मग फाटकावर कॅमेरा बसवायचा तर अशीच तार जाईल का? तिकडे बेलचा पाइप आहे.” बेलची तार २३० व्होल्टची आहे, त्यामुळे तो पाइप बाद. फाटकापाशी दुसरे काही पुरलेले आहे का, ते उद्या उजेडात त्यांच्यासोबत पाहणार आहे.